डब्यातली ट्यूब आणि उतारवयातील त्वचा

गेल्या चैत्रात एक सूनबाई आपल्या सासूबाईंना घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर. दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, जांभळे डाग उमटले होते. कोठे धक्का लागल्याचे आठवत नव्हते. रक्ताचा एखादा मोठा आजार असावा या धास्तीने घरात तीन दिवस कोणाला धड झोप नव्हती. "डॉक्टर, रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घ्या, पैशाचं बघू नका," सूनबाई म्हणाल्या.

मी आजींचा हात हातात घेतला. त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. खालच्या निळ्या शिरा मोजाव्यात इतक्या स्पष्ट दिसत होत्या.

"आजी, हाताला काय लावता?"

"काही नाही हो. ते आपलं खाजेचं मलम."

पिशवीतून त्यांनी बिस्किटांचा जुना डबा काढला. डब्यात पाच ट्यूब होत्या; दोन पिळून चपट्या झालेल्या, दोन अर्ध्या, एक कोरी. त्यांच्याखाली घडी घालून जपून ठेवलेली एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवरचे अक्षर माझेच होते. तारीख अडीच वर्षांपूर्वीची. मनगटावरच्या इसबासाठी मी एक स्टेरॉइडयुक्त मलम लिहून दिले होते, 'दिवसातून एकदा, आठ दिवस'. आठ दिवसांनंतर थांबवा आणि पुन्हा दाखवा, हे मी लिहिले नव्हते. तोंडी सांगितले असेन, परंतु दवाखान्यातील गर्दीत तोंडी सांगितलेले किती जणांच्या लक्षात राहते, हे तीस वर्षांच्या व्यवसायानंतर मला ठाऊक असायला हवे होते.

मलमाने गुण आला, खाज थांबली. पुढे जेव्हा जेव्हा कोठे खाज आली, तेव्हा तेव्हा आजींनी तेच लावले. ट्यूब संपली की रिकामी ट्यूब दुकानात दाखवायची आणि नवी आणायची. मध्येच कधीतरी दुकानदाराने 'यात तीन औषधं आहेत, जास्त चांगलं आहे' असे सांगून दुसरेच मलम हाती ठेवले. एका स्टेरॉइडचे रूपांतर अशा रीतीने स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांच्या मिश्रणात झाले, आणि त्यातील स्टेरॉइड पहिल्यापेक्षा कितीतरी जहाल होते.

आजींच्या रक्ताच्या तपासण्या मी केल्या. प्लेटलेट्स उत्तम होत्या. डागांचे कारण रक्तात नव्हते, डब्यात होते. वय, आयुष्यभर शेतावर सोसलेले ऊन आणि हृदयासाठी सुरू असलेली ॲस्पिरिनची गोळी यांनी त्यात आपापली भर घातली होती, इतकेच.

वाचकहो, स्टेरॉइड हे वाईट औषध आहे असे कृपया समजू नका. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचेवर गुणकारी ठरल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्वचारोगांच्या उपचारांत क्रांती झाली. इसब, सोरायसिस, तीव्र ॲलर्जी यांत आजही त्याला तोड नाही. परंतु ते दाह शमविते तेव्हाच त्वचेतील कोलॅजन तंतूंची निर्मितीही मंदावते. हे तंतू म्हणजे त्वचेच्या भिंतीतील विटा-चुना. उतारवयात ते मुळातच विरळ झालेले असतात. त्यांचा आधार गेला की सूक्ष्म रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि बांगडी घासली तरी आत रक्त साकळते. चेहऱ्यावर हीच मलमे महिनोन्महिने लावली तर लाली, पुटकुळ्या, बारीक लाल शिरा आणि अनावश्यक लव दिसू लागते. पापण्यांजवळ दीर्घकाळ लावल्यास मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोका वाढतो. नायट्यावर लावल्यास तर फसवणूकच होते. खाज थांबते, गोल कडा पुसट होतात, आणि बुरशी आत निर्धास्तपणे पसरत राहते. आज आपल्या देशात नायटा पूर्वीसारखा पंधरा दिवसांत बरा होत नाही, घरातील एकाचा चौघांना होतो, यामागील कारणांत या मिश्र मलमांचा मोठा वाटा आहे असे त्वचारोगतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत.

२०१८ साली केंद्र सरकारने नियम बदलून चौदा स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम कागदावर चोख आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात काय घडते, ते आपणच पाहा.

म्हणून आज एक काम करा. घरातील औषधांचा डबा उघडा, चष्मा लावा आणि प्रत्येक ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासॉल यांपैकी कोणतेही नाव आढळले तर ते स्टेरॉइड होय. क्लोबेटासॉल हे यातील सर्वांत जहालांपैकी एक. डॉक्टरही ते एका वेळी दोन आठवड्यांपलीकडे सहसा देत नाहीत. 'गोरेपणाचे' किंवा 'वांगाचे' म्हणून शेजारणीने सुचविलेल्या क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही त्रयी असेल, तर ते सौंदर्यप्रसाधन नसून औषध आहे. मात्र ज्यांनी अनेक महिने असे मलम लावले आहे, त्यांनी ते एका दिवसात बंद करू नये. त्वचेला त्याची सवय झालेली असते आणि अचानक थांबविल्यास आग, लाली, सूज उसळून येते. डॉक्टरांना डबा दाखवून, सौम्य मलमावर येऊन, हळूहळू ते सोडावे लागते.

जेव्हा स्टेरॉइड खरोखरच लिहून दिलेले असते, तेव्हा मापही विचारून घ्या. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम; तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा व्यापते. हे माप मी हल्ली चिठ्ठीच्या कोपऱ्यात बोटाचे चित्र काढून दाखवितो. माझी चित्रकला पाहून रुग्ण हसतात, पण लक्षात राहते.

आता मूळ प्रश्न: आजींना खाज का येत होती? उत्तर अगदी साधे निघाले. पहाटे कढत पाण्याने आंघोळ, अंगाला दोनदा साबण आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने पाठीला घासणीचा दगड. उतारवयात त्वचेतील तैलग्रंथींचे काम मंदावते, पेशींमधील स्निग्ध थर विरळ होतो आणि ओलावा टिकत नाही. त्यावर कढत पाणी ओतणे म्हणजे उरलासुरला स्निग्धांश धुऊन टाकणे. पाणी कोमट असावे, आंघोळ दहा मिनिटांत आटपावी, साबण काखा, जांघा आणि पावले एवढ्यापुरता ठेवावा. अंग टिपून घ्यावे, खसाखसा पुसू नये, आणि त्वचा ओलसर असतानाच, पुसल्यापासून दोन-तीन मिनिटांच्या आत, खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावावी. मोहरीच्या तेलाने नाजूक त्वचेची आग होऊ शकते, म्हणून ते मी टाळायला सांगतो. दिवाळीचे उटणे वर्षातून चार दिवस असावे. ते रोजच्या आंघोळीत आणू नये. तेल लावल्यावर स्नानगृहाची फरशी निसरडी होते, तेव्हा तळपायांना तेल लावायचे ते पलंगावर बसल्यावरच. त्वचा मऊ आणि खुब्याचे हाड मोडलेले, असा व्यवहार कोणालाच परवडणारा नाही.

या उपायांनी दोन-तीन आठवड्यांत खाज कमी झाली नाही, तर कारण अन्यत्र शोधावे लागते. अंगावर पुरळ नसताना सर्वांगाला खाज येत असेल तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि रक्तातील लोह यांची तपासणी आवश्यक ठरते. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती बारीक पुटकुळ्या असतील, आणि रुग्णाची सेवा करणाऱ्या व्यक्तीलाही खाजू लागले असेल, तर ती बहुधा खरूज असते. तेथे घरातील सर्वांनी एकाच रात्री औषध लावणे आणि सांगितल्याप्रमाणे आठवड्याने पुन्हा लावणे याला पर्याय नाही. एकट्या आजोबांवर उपचार करून खरूज जात नाही. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सत्तरीपुढील व्यक्तीला कित्येक आठवडे तीव्र खाज आणि मग पाण्याने भरलेले ताणलेले फोड आले, तर 'बुलस पेम्फिगॉइड' हा विकार असू शकतो. मधुमेहावरील ग्लिप्टिन गटातील गोळ्यांशी, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिनशी, त्याचा संबंध आढळला आहे. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. परंतु ती सुरू आहे हे त्वचेच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आजींना तपासताना परकराची नाडी सैल करायला सांगितली, तेव्हा कमरेवर उजव्या कुशीला एक काळपट, खवल्यांची खोलगट रेघ दिसली. मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी चीर होती. "ती होय? ती तर वर्षानुवर्षांची आहे, नाडीची खूण," आजी म्हणाल्या. डबाभर ट्यूब वापरूनही त्या जागेकडे कोणी पाहिले नव्हते, कारण तिथे खाज नव्हती.

या खुणेला इतिहास आहे, आणि तो आपल्या मातीतला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासमवेत १९४५ साली भारतातील चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. धोतर कमरेला घट्ट आवळण्याच्या सवयीतून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद त्यात होती. पुढे साडीच्या संदर्भातही असेच रुग्ण आढळत गेले. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन स्त्रियांची हकिगत नोंदविली. एक सत्तर वर्षांची, उजव्या कुशीवर दीड वर्ष न भरणारी जखम असलेली. दुसरी साठीच्या उत्तरार्धातील, कित्येक वर्षे परकराविना लुगडे नेसणारी. दोघींच्याही जखमेत कर्करोग निघाला, आणि दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील गाठींपर्यंत पोहोचला होता.

घाबरून जाण्याचे कारण नाही. हा विकार दुर्मीळ आहे आणि लाखो स्त्रिया आयुष्यभर साडी नेसतात. दोष साडीचा नाही, एकाच जागी रोज आवळल्या जाणाऱ्या अरुंद नाडीचा आहे. घाम, उष्णता आणि घर्षण यांनी त्वचा आधी काळवंडते, मग सोलवटते, मग चिरते, आणि बरी न होता पुन्हा चिरत राहते. नाडीऐवजी दोन बोटे रुंद पट्टी लावा, गाठ रोज थोडी वर-खाली आणि कधी डाव्या, कधी उजव्या बाजूला घ्या, घरात असताना सैल कपडे घाला. ती जागा कोरडी ठेवा. आणि अंगावर कोठेही, नाडीखाली असो वा जुन्या भाजल्याच्या व्रणावर, चार आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर तिचा तुकडा काढून तपासण्याचा आग्रह आपणच धरा. आजींच्या चिरेसाठी आम्ही नाडी बदलली आणि पांढरी जेली लावली. सहा आठवड्यांची मुदत द्यायची सवय मी सोडून दिली आहे. तीन आठवड्यांनी बोलावले. चीर भरली होती.

नाडीप्रमाणेच आणखी दोन रोजच्या वस्तूंचा येथे उल्लेख केला पाहिजे. पहिली टिकली. तिच्या चिकट बाजूला वापरल्या जाणाऱ्या डिंकात काही वेळा एक रसायन असते, ज्याने त्वचेतील रंगपेशीच मरतात. कपाळावर बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. कित्येक घरांत तो 'कोड' समजून लपविला जातो. टिकली लवकर बंद केली तर डाग थांबू शकतो. दुसरी वस्तू म्हणजे कलप. त्यातील पीपीडी या रसायनाची ॲलर्जी वीस वर्षे कलप लावल्यानंतरही होऊ शकते, हे अनेकांना पटत नाही. टाळूला काही होत नाही. कपाळ, कानांच्या मागची बाजू आणि पापण्या सुजतात, खाजतात. काहींचा चेहरा हळूहळू करडा-काळा पडत जातो, आणि मग त्या काळपटपणावर क्रीम, त्या क्रीममध्ये स्टेरॉइड, असे चक्र सुरू होते. 'काळी मेंदी' ही निर्धोक नसते. खऱ्या मेंदीचा रंग केशरी-तांबूस येतो. ती काळी होते तेव्हा त्यात बहुधा हेच रसायन मिसळलेले असते.

आजींच्या घरी नातवाचे लग्न ठरले होते. "फोटोत चेहरा जरा बरा यावा म्हणते," त्या संकोचाने म्हणाल्या आणि गालांवरचे तपकिरी डाग दाखवू लागल्या. नात त्यांना शहरात लेझर करायला नेणार होती. वाचकहो, सत्तरीत चांगले दिसावेसे वाटणे यात संकोचण्यासारखे काहीही नाही. परंतु जे काही करायचे ते समजून करावे.

आपल्या सावळ्या त्वचेला दाह झाला की ती काळवंडते, हा तिचा स्वभाव आहे. म्हणून तीव्र रासायनिक पील किंवा जास्त शक्तीचे लेझर घाईने केल्यास डाग जाण्याऐवजी मोठा होतो. लग्नाच्या आठ दिवस आधी तर चेहऱ्यावर नवे काहीच करू नये. प्रक्रिया कोण करणार, त्यांची त्वचारोगशास्त्रातील पदवी कोणती, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अथवा रक्त पातळ करणारी अन्य औषधे सुरू आहेत का, हृदयात पेसमेकर आहे का, मधुमेह किती आटोक्यात आहे, हे त्यांनी विचारले नाही तर आपण सांगा. सुरकुत्यांसाठी दिलेल्या बोट्युलिनम इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो; एका खर्चात काम होत नाही, हे कुटुंबाने आधीच जाणून असावे. आणि बिननावाच्या, 'सात दिवसांत उजळ' म्हणणाऱ्या डबीपासून दूर राहा. अशा क्रीममधील पाऱ्याने मूत्रपिंडांना इजा झालेले रुग्ण २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आढळले होते.

एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. एका निवृत्त शिक्षकांच्या पाठीवरचा 'तीळ' एका सौंदर्यकेंद्रात जाळून टाकण्यात आला. सहा महिन्यांनी तो पुन्हा उगवला. जाळलेला भाग तपासलाच नसल्याने पहिल्या वेळी तो काय होता हे सांगायला कोणीही नव्हते. दुसऱ्या वेळी तुकडा प्रयोगशाळेत गेला आणि त्वचेचा कर्करोग निघाला. तो हळू वाढणारा प्रकार असल्याने शस्त्रक्रियेने ते बरे झाले. उतारवयात पाठीवर आणि चेहऱ्यावर येणारे, वरून चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी खडबडीत चट्टे बहुतेक निरुपद्रवी असतात. मानेवरच्या लोंबत्या चामखिळीही तशाच. त्यांवर चुना आणि सोडा लावून भाजून घेणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. मधुमेही माणसाने तर हा प्रयोग स्वप्नातही करू नये. परंतु जो तीळ वाढतो, रंग बदलतो, ज्याच्या कडा वेड्यावाकड्या होतात किंवा ज्यातून रक्त येते, तो जाळायचा नसतो, कापून तपासायला पाठवायचा असतो. तळपायावर किंवा नखाखाली नव्याने उमटलेला काळा डागही असाच दाखवावा. आपल्याकडे मेलॅनोमा हा घातक कर्करोग पुष्कळदा तळपायावरच आढळतो, आणि स्वतःचा तळपाय सत्तरीतला माणूस पाहतो तरी कधी?

येथे सेवा करणाऱ्यांचे काम सुरू होते. आठवड्यातून एकदा, आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात, पाठ, कंबर, स्तनांखालच्या घड्या, जांघा, बोटांची बेचकी आणि तळपाय पाहून घ्या. संकोच होतो, हे मी जाणतो. सासूबाईंची कंबर पाहायची म्हणजे काय, असे अनेक सुना विचारतात. तेल लावता लावता पाहावे. चौकशी केल्यासारखे वाटत नाही. संवेदना नसलेला फिका चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्यावरील औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखणारे फोड आले, म्हणजे नागीण, तर गेरू लावण्यात दिवस घालवू नका. विषाणूविरोधी गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी नागिणीची लसही आता आपल्याकडे उपलब्ध आहे. ती महाग आहे, पण डॉक्टरांशी बोलून ठेवा.

आजींच्या हातावरचे डाग चार महिन्यांत पुष्कळ ओसरले. त्वचा मात्र पूर्ववत जाड झाली नाही, होणारही नाही. म्हणून त्या आता पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालतात. नातवाच्या लग्नात त्यांनी लेझर केले नाही, कलपही लावला नाही, रुंद पट्टीच्या परकरावर पैठणी नेसल्या आणि डागांसह फोटो काढले. तो फोटो सूनबाईंनी मला दाखविला.

परवा त्या पुन्हा आल्या. हातात तोच बिस्किटांचा डबा. मी जरा चपापलो. "माझा नाही हो," त्या म्हणाल्या, "आमच्या आळीतल्या बायकांचा आहे. सगळ्यांच्या ट्यूब गोळा करून आणल्यात. यातल्या कुठल्या टाकायच्या, तेवढं सांगा."

अकरा ट्यूब होत्या. नऊंमध्ये स्टेरॉइड होते.